सावकाश सोडायचं

पोलीस भरतीच्या तयारीत माझ्या मांडीमागचा स्नायू दुखावला आणि मी लातूरच्या मैदानाकडेला नुसती बसून राहू लागले. समोरचा पंक्चरवाला एका सकाळी लंगडत आला. जुन्या ट्यूबच्या पट्टीचं एक टोक त्यानं खांबाला बांधलं, दुसरं मला घोट्यात अडकवायला लावलं. पालथी पडून मी टाच मागं ओढली आणि झटकन सोडली.

"ताई, वढता समद्यांनाच येतंय. सोडताना सावकाश सोडा, ताकद तिथंच येती. मी खो-खो खेळायचो तवा मला हे कुणी सांगितलं न्हाई."

त्यानंतर रोज तो दुकानातूनच हात हळूहळू खाली आणून मला आठवण करून द्यायचा.

निवड झाल्यावर मी पेढे घेऊन गेले. निकालाचं त्यानं विचारलंच नाही. "पळताना पाय दुखला का?" एवढंच म्हणाला.

"न्हाई," म्हणत मी त्याच्यासारखाच हात हळूहळू खाली आणला.