गजूचा रस आणि मशीनची जीभ

१२ फेब्रुवारीला मी लॅबमधले सेन्सर धुऊन ठेवत होते. माझ्या भावानं, गजूनं पाठवलेल्या संत्र्याच्या रसाची तिसरी तपासणी नुकतीच संपली होती. निकाल तोच: अस्सल रसांत बसत नाही.

पूर्वी नोकरीसाठी गावाकडून, शेलूबाजारच्या फाट्यावरून, पहिल्यांदा पुण्याला निघाले तेव्हा जीप गच्च भरली होती. मायनं खव्याचा डबा माझ्या मांडीवर दिला आणि झाकण उघडून वर कोळशाचा तुकडा ठेवला. "वाटनं कोनाची नजर लागन, काय भरोसा! अन् तिकडचं दूध पाहूनच घेजो. लोकाईवर इश्वास ठेवू नोको." फाटा दिसेनासा झाल्यावर कोळसा मी बाहेर फेकला. सल्ला ठेवून घेतला. त्याच्यावरच आजवर पोट भरते आहे. रसाच्या कंपनीत शंका घेण्याचाच मला पगार मिळतो.

गावाकडचे विचारतात, मशीनच्या जिभेला चव कळते कशी? चव कळत नाही. बारीक सळयांसारख्या सेन्सरचा जुडगा असतो. प्रत्येक सळई रसातल्या वेगवेगळ्या गोष्टींना कमी-जास्त दाद देते आणि सगळ्यांचा मिळून कॉम्प्युटरवर एक ठिपका पडतो. अस्सल रसांचे ठिपके घोळक्यात येतात. जो बाहेर पडतो त्यात काय मिसळलंय, हे मशीन सांगत नाही. हा आपल्यातला नाही, एवढंच.

गजूनं यंदा स्वतःच रस काढून बाटल्या भरल्या. आमच्या कंपनीनं घेतला तर ठीक, नाहीतर याही वर्षी बागेतली संत्री झाडावरच व्यापाऱ्याला पडेल भावात द्यावी लागणार. मी आधी साखर-पाणी मिसळल्याचं धरलं. साखर वेगळी तपासली, ती बरोबर निघाली. मग एसेन्स धरला. भाऊ म्हणून शंका कमी नव्हती, जास्तच होती. ताई सांभाळून घेईल, असं वाटलं असेल त्याला.

गजूला फोन लावला. "काय मिसळलं रे?"

"काईच नाही. माह्यावर शक करून राह्यली तू? पोलिसात काहून नाही गेली, ताई?"

तो हसत होता. मागून वहिनीही हसली. "मायले इचारा त्याईले. बाटल्या त्याईनंच बांधल्या."

मायनं फोन घेतला. "खडा टाकला मिठाचा, एकेक. कोरडं रायलं त कोळसा, पातळ रायलं त मीठ. एवढा गोड रस तसाच कसा धाडू, बाई?"

फोन ठेवल्यावर पहिला विचार आला तो हाच, की तिघांनी मिळून हे सांगायचं ठरवलं असेल. माझ्यासारखे जे गावातून बाहेर पडले त्यांना हे ओळखीचं वाटेल. पूर्वी घर म्हणजे जिथलं काही तपासावं लागत नाही ती जागा. आता मी तिथलंही तपासते, आणि तिथली माणसं रागावण्याऐवजी हसतात. माझ्यापुरतं घर आता तेवढंच, आणि ते कमी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाटल्यांसोबत आलेली संत्री मी स्वतः पिळली, रसात मिठाचा खडा विरघळवला आणि सळया बुडवल्या. ठिपका गजूच्या ठिपक्याला खेटून पडला. तरी नमुना नापासच लिहिला. मीठ ते मीठ. मग मायला फोन केला. "नव्या बाटल्या धाड. मीठ पुडीत बांध अन् खोक्याच्या बाहेर लाव."

तिनं विचारलं, "अन् तुह्या मशीनची नजर लागली त?"

"तिच्यापाशी मी कोळसा ठेवीन," म्हटलं, आणि सळया धुवायला घेतल्या.