बीरंगी अत्याची आंघोळ

तंजावरच्या कोटावर एक प्रचंड तोफ आहे. तमिळमध्ये तोफेला बीरंगी म्हणतात. ती आयुष्यात एकदाच उडाली म्हणे. आमची अत्या रोज उडायची, म्हणून राजवाड्यामागच्या गल्लीने ते नाव तिलाच देऊन टाकलं. मुलींच्या शाळेत ती गणित शिकवायची आणि घरी हाताला येईल ते फेकायची. पोचा नसलेलं एकही पितळी भांडं आमच्याकडे नव्हतं. आईवडील गेल्यावर मी तिच्याजवळच वाढले, त्यामुळे पाढ्यांच्या आधी मी नेम चुकवायला शिकले.

तिचा एकुलता एक मुलगा वेंकोबा मुंबईला औषधांच्या कंपनीत हिशेब बघायचा. आमची माणसं मूळची मराठी, पण तंजावरात पिढ्यान्‌पिढ्या सांबारभात खाऊन तमिळ झालेली. तरी अत्येच्या मते महाराष्ट्र म्हणजे माहेर, तेही कधी न पाहिलेलं. स्टेशनावर तिने त्याला बजावलं होतं, "वेंकू, तिथं आपलं राज्य अहे. कोण अडवलं तर तोंड उघडून आपलं मराठी बोल. तुला कोण हात लावतो, मी बघतें."

आमच्याकडे मरणाचं पत्र उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. अंगणात वाचायचं, तिथेच फाडायचं, डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि मग घरात यायचं. ब्याण्णवच्या डिसेंबरात दंगलीने मुंबई पेटली आणि वेंकोबाचं पत्र आलं: इथे नाव विचारून माणसं मारताहेत, मला कॅनडात नोकरी मिळते आहे, तू हो म्हण. अत्येने ते अंगणात उभ्याउभ्या वाचलं, त्याच्या चिंध्या केल्या आणि विहिरीवर जाऊन डोक्यावर घागर ओतली.

"परदेशी गेलेलं पोर मेलेलंच," ती म्हणाली.

पुढच्या पत्राचीही तीच गत झाली. तिच्या होकाराशिवाय तो पाऊल उचलणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. गल्लीच्या तोंडाशी एसटीडी बूथ होतं, पण तिथे बोललेलं सगळी गल्ली ऐकते म्हणून ती फिरकत नसे. त्यामुळे भांडण पत्रांतूनच चाललं होतं.

जानेवारीत तिसरं पत्र आलं. आम्ही आमचं मराठी तमिळ अक्षरांत लिहितो, आणि वेंकोबाचं अक्षर सुरेख. पण हे इतकं वेडंवाकडं होतं, की तिने ते माझ्या हाती दिलं. मी अंगणातच मोठ्याने वाचलं.

"आई, डाव्या हातानं लिहितों. खालच्या बेकरीवाल्या चाचांच्या दारात मी उभा होतों. जमावानं विचारलं, तूं कोण? तूं सांगटलं होतंस तसंच मी बोललों. मी मराठीच अहें, ह्यांना सोडून सोडा. ते हसले. हे कसलं मराठी, खोटं बोलतो, म्हणून सळईनं माझा उजवा हात मोडले. मग चाचांना माझ्यासमोर ओढून नेऊन जाळले. त्यांचं ओरडणं बंद झालं, माझ्या कानात अजून बंद होत नाहीं."

अत्येने पत्र माझ्या हातातून काढून घेतलं. आता फाडणार, असं मला वाटलं. तिने घडी घालून ते कमरेला खोचलं, विहिरीवरचा पितळी तांब्या उचलला आणि स्वतःच्याच तोंडावर हाणला. परत हाणला.

"ह्या तोंडानं सांगटलं. ह्याच तोंडानं."

ओठ फाटला, एक दात निखळून मातीत पडला. मी हात धरायला गेले तर एक टोला मलाही बसला. भुवईतला व्रण अजून आहे. शेवटी तिला खाली पाडून मी तिच्या अंगावर बसले, तेव्हा कुठे ती रडली.

सुजल्या तोंडाने तिने त्याच दिवशी उत्तर लिहिलं आणि कागदाच्या चारी कोपऱ्यांना हळद लावली. लग्नाच्या पत्राला लावतात तशी. आत एवढंच होतं: "जा. मी आंघोळ करणार नाहीं."

निघण्यापूर्वी वेंकोबा घरी आला. दारातच तिने त्याच्या एक थोबाडीत दिली. मग त्याचा वाकडा जुळलेला हात मांडीवर घेऊन एरंडेल चोळत बसली.

"तिथं असं झालं तर काय करशील?"

"काय करूं, सांग."

तिने तळहातावर आणखी एरंडेल घेतलं. "दारातून हटूं नको," ती म्हणाली.

कॅनडाची पत्रं ती झोपाळ्यावर बसून वाचायची, आणि तिथल्या बर्फाला इथून शिव्या द्यायची. भांडी फेकणं काही सुटलं नाही. माझा तिच्यावर फार जीव होता. तसं तोंडावर म्हटलं असतं तर डोक्यात तांब्या बसला असता, म्हणून म्हटलं नाही.

काही वर्षांनी पोटाच्या दुखण्याने तिला अंथरुणाला खिळवलं. शेवटी हातात पेलाही धरवत नव्हता. एका दुपारी तिने मला जवळ बोलावलं. "मी गेल्यावर वेंकूला पत्र लिही. हळद लावून. माझं पत्र त्यानं फाडायला नको."

मरणाच्या पत्राला हळद लावणं म्हणजे अभद्रच. मी लावली. ओल्या हळदीचे डाग पाकिटाच्या कोपऱ्यांवर उमटले. टपाल कचेरीतल्या कारकुनाने पाकीट वजनाला ठेवलं, पिवळे कोपरे बघितले आणि हसून तमिळमध्ये विचारलं, घरी लग्न आहे वाटतं?

मी हो म्हटलं.