चाकांवरचं घर

माणसाला दोन हात मिळालेत ते घरातलं सामान हलवायला, असं मानणारी बाई उभ्या नाहूरमध्ये एकच आहे, आणि ती धाकटी जाऊ म्हणून माझ्या वाट्याला आली. आमची दारं समोरासमोर, तिसरा मजला, दोघींचंही वन रूम किचन. माझ्या घरात कपाट पहिल्या दिवशी जिथे ठेवलं तिथे ते पस्तीस वर्षं उभं होतं. तिच्याकडे सोमवारी बघितलेलं कपाट गुरुवारी त्याच जागी दिसलं तर मी समजायचे, बाईला ताप आलाय. खोलीला चार भिंती म्हणजे कपाटाला चारच जागा, एवढं मला कळतं. तिने पाचवी शोधली. खोलीच्या मधोमध कपाट आडवं लावून तिने पुढे हॉल काढला आणि मागे बेडरूम. त्या बेडरूममध्ये पोट आत ओढून शिरावं लागायचं. मी शिरलेच नाही.

हे सगळं तिला बागांमधून सुचायचं. बाकीच्या बायका बागेत पाय मोकळे करायला जातात, नाहीतर सुनांबद्दल बोलायला. ही जायची चोरी करायला. फुलाला तिने कधी हात लावला नाही, ती मांडणी चोरायची. मुलुंडच्या बागेत मी बाकावर टेकायचे आणि ही कर्दळीच्या ताटव्यापुढे उभी राहून मान वाकडी करून बघायची. "ताई, बघा ना, उंच झाडं मागे, बुटकी पुढे. आपण सगळं उलटं केलंय. फ्रीज पुढे आणि स्टूल मागे." मी म्हणायचे, "फ्रीज म्हणजे झाड नाही गं." ते तिच्या कानात शिरायचंच नाही. परतताना तिच्या चपला फटफट वाजायला लागल्या की मी ओळखायचे, आता आपलं काही खरं नाही. अर्ध्या तासात माझी बेल. "ताई, जरा हात लावा ना." त्या 'जरा'ने माझ्या कमरेची वाट लावली.

बाग नसली तर कुणाचंही घर चालायचं, दवाखानासुद्धा. दाढ काढायला गेली आणि तिथल्या बसायच्या खोलीतून छतावरून वेल सोडायची युक्ती घेऊन आली. गाल सुजलेला, तोंडात कापूस, बोलता येत नाही, पण स्टुलावर चढून खिळे ठोकतेय. पुढे तिला तळं हवं झालं. न्हाणीघरातल्या बालदीत कमळ लावलं आणि दोन महिने माझ्याकडची बालदी नेऊन घरच्यांना आंघोळी घातल्या. डास बघायला येणारा पालिकेचा माणूस आला, त्याने बॅटरी मारली, म्हणाला, "बाई, हे ओता." ही म्हणाली, "कळी आलीय, चार दिवस थांबा की." तो बिचारा दुसऱ्या दिवशी पिशवीतून गप्पी मासे घेऊन आला. एकदा तिच्या मनात आलं की बागेत माणसं झाडाकडे तोंड करून बसतात, मग घरात भिंतीकडे का? सोफा वळवला खिडकीकडे. बारशाचं बोलावणं करायला आलेलं जोडपं आमच्याकडे पाठ करून, समोरच्या बिल्डिंगच्या मोरीच्या पायपाकडे बघत चहा प्यायलं. पायपात पिंपळ उगवला होता, तो दाखवून ही त्यांना म्हणते, "हिरवं बघितलं की कसं शांत वाटतं ना?" शांत! आणि हिला!

तिला आवरायचं सोडून माझे दीर तिला साथ द्यायचे. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर त्यांची हयात गेली. तिथून त्यांनी लोखंडी चाकं करून आणली आणि कपाट, पलंग, टीव्हीचं टेबल, सगळ्यांच्या पायांना बसवली. मला म्हणाले, "वहिनी, आता ती तुम्हाला हाक मारणार नाही." माझी सुटका झाली आणि ती सुसाट सुटली. आठवड्यातून दोनदा हलणारं घर दिवसाआड हलायला लागलं. कामावरून आले की भाऊजी दारातच विचारायचे, "अगं, आज कुठे बसू?"

ते रिटायर झाले आणि त्यांचं आपटणं सुरू झालं. आज टीपॉय नडगीला लागला, उद्या पलंगाचा कोपरा गुडघ्याला. आम्ही हसायचो, तेही हसायचे. "बायकोने रस्ता बदलला, मला कळवलं नाही." एकदा कप टेबलावर ठेवायला गेले तो सरळ खाली फरशीवर. तेव्हा मी तिला झापलं, "स्वतःच्या घरात पाहुणा करून ठेवलंस तू नवऱ्याला." ती म्हणाली, "होते हो सवय, ताई." दीड वर्ष असं चाललं. त्या घरात माणूस आपटला तर त्याचं कारण शोधायची कुणाला गरजच वाटली नाही.

मग ती कांदिवलीला भाचीकडे जाऊन आली. तिथे कुठल्याशा फाटकाच्या दोन बाजूंना तिने दोन मोठ्या कुंड्या बघितल्या होत्या, म्हणून आमच्या जिन्यावर, तिच्या दाराशी, दोन कुंड्या आल्या. भाऊजी रोज चार वाजता चहाला माझ्याकडे यायचे. त्या दिवशी चहा पिऊन परत निघाले, कुंडी चुकवायला म्हणून हाताने चाचपत अंग चोरून गेले, आणि कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं. रक्त आलं. मी माझ्या दारातूनच ओरडले, "फेकून दे त्या कुंड्या! जीव घेशील त्यांचा!"

ती हातात पोळीचं लाटणं घेऊन बाहेर आली होती. पांढरी पडली. म्हणाली, "ताई, कुंड्या मी सकाळीच गच्चीवर नेल्या, उन्हात. आणि चौकट तर मी हलवलेली नाही."

काचबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांना. बाजूचं दिसणं कधीच गेलेलं, समोरचं तेवढं नळीतून बघावं तसं उरलेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गेलेली नजर परत येत नाही. उरलीय ती सांभाळायची. आधी आला असतात तर बरीच वाचली असती." थेंब लिहून दिले आणि शेवटी सांगितलं, "घरातल्या वस्तूंच्या जागा बदलू नका. यांना पावलांनी घर पाठ झालं पाहिजे." जाऊ आपल्या हातांकडे बघत बसली होती.

घरी आल्या आल्या तिने पाना काढला. मी कपाट तिरकं करून धरलं आणि तिने चाकं काढली. पलंगाशी गेली तेव्हा भाऊजी म्हणाले, "अगं, एवढ्याची राहू दे." "गप बसा तुम्ही." मग त्यांचा हात धरून तिने त्यांना घरभर फिरवलं. पलंग ते दार सहा पावलं, दार ते न्हाणीघर चार, वळून ओटा तीन. पुन्हा पहिल्यापासून. 'तुझी चूक नाही' असं मी तिला म्हणाले नाही. चूक होती. तिची होती, भाऊजींची होती, आणि सगळ्यात जास्त हसणारी मी होते.

घर थांबलं, पण बाई थांबेना. पुसलेली फरशी पुन्हा पुसायची. डबे उतरवायची, धुवायची आणि बोटाने माप घेऊन पुन्हा तिथेच ठेवायची. बागेत यायची पण ताटव्याकडे बघायची नाही, खाली मान घालून भराभर चालायची, मी मागे पडायचे. वजन उतरलं तिचं. एका दुपारी माझ्याकडे बसली असताना बोलता बोलता तिने माझी खुर्ची चार बोटं सरकवली आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

मी म्हणाले, "चाकं कुठे आहेत?"

"माळ्यावर."

"काढ. माझ्या कपाटाला लाव."

"ताई, तुम्हाला नाही आवडत."

"नाहीच आवडत. लाव."

आता माझा पलंग कधी उत्तरेला असतो, कधी ओट्याच्या तोंडाशी. चष्मा शोधण्यात माझा अर्धा दिवस जातो. माझ्या घरात भाऊजींनी पाऊल टाकायची सोय उरली नाही, म्हणून चार वाजता मीच चहा घेऊन समोर जाते. ते पलंगावर ताठ बसलेले असतात, कप त्यांच्या हातात देईपर्यंतही त्यांना धीर नसतो. "वहिनी, आज तुमच्याकडे काय कुठे?" मी सांगते. डोळे धड होते तेव्हा या माणसाने बुड टेकायला जागा मिळाली की दुसरं काही बघितलं नाही. आता सगळं विचारतात.

परवा मी सांगितलं, कपाट खिडकीच्या समोर आलंय. ते म्हणाले, "तुमच्या कपाटाला आरसा आहे ना? मग त्यात आभाळ येत असेल."

मला माहीत नव्हतं. मी उठून माझ्या घरी गेले, बघितलं आणि परत आले. "येतं," म्हणाले. "हातभर येतं."

"तिने मुद्दामच लावलं असणार." भाऊजींनी कप खाली ठेवला, टेबल बोटांनी चाचपून, बरोबर मधोमध. "छान दिसतं का हो?"

आत ओट्याशी नळ वाहत होता, तो बंद झाला.

पस्तीस वर्षांत मी तिला कधी हे म्हणाले नव्हते. "दिसतं," मी म्हणाले, जरा मोठ्याने.

नळ बराच वेळ बंदच होता.