मोठीने बोलून टाकलेला शब्द

मोठीला धसका घ्यायची सवय पहिल्यापासूनची. दाराची कडी वाजली की कुणीतरी वाईट बातमीच आणली असणार. नवऱ्याला यायला उशीर झाला की तो लिफ्टच्या खड्ड्यातच पडला असणार. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा मिस्त्री होता, त्यामुळे ही शेवटची धास्ती अगदीच बिनबुडाची नव्हती. घरातली थोरली सून म्हणून सासूबाई तिला मोठी म्हणायच्या, आणि पुढे ती सगळ्यांचीच मोठी झाली. अशा बाईने चाळिशी उलटल्यावर कॉलेजात नाव घातलं, तेही घरबसल्या, कॉम्प्युटरवरून. ते ऐकून सासूबाई म्हणाल्या, "हिला आहेत त्या काळज्या पुरेनात, म्हणून आता शिकून नव्या आणणार."

मोठी एका पाळणाघरात मदतनीस होती. मुलांना भरवायचं, झोपवायचं, चड्ड्या बदलायच्या, कोण कुणाला चावलं याचा निवाडा करायचा, हे तिचं काम. एकदा तिथे एक मुलगी आली. तिला कुणी हात लावला की ती किंचाळायची, एरवी खिडकीचा गज धरून उभी असायची. थोड्याच दिवसांत पाळणाघर चालवणाऱ्या बाईंनी मोठीला सांगितलं, "तिच्या आईला गेटवरच सांग, उद्यापासून नका आणू." मोठीने सांगितलं. ती आई भांडली नाही की रडली नाही. एवढंच म्हणाली, "मग कुठे नेऊ, ते तरी सांगा."

पुढे कितीतरी दिवस मोठीला घास गोड लागेना. वेगळ्या गरजा असलेल्या लहान मुलांना शिकवायची पदवी घरून घेता येते, हे तिला त्यानंतर पाळणाघरातल्याच एका आईकडून कळलं. नवरा म्हणाला, "शीक की. फक्त त्या कॉम्प्युटरला हात लावायला मला सांगू नकोस. उघडून बघितल्याशिवाय मला काही दुरुस्त करता येत नाही."

तास संध्याकाळी असायचे. स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर लॅपटॉप ठेवून मोठी समोर बसायची, ती परीक्षेला बसल्यासारखीच. पहिल्या आठवड्यात नवरा अंघोळ करून टॉवेल गुंडाळून मागून गेला, तेव्हा ती केवढ्याने ओरडली, "अहो, असे काय फिरताय, कॅमेरा चालू आहे!" त्यावर शिकवणाऱ्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "कॅमेरा बंद आहे तुमचा, काळजी करू नका. माइक मात्र चालू आहे." सगळा वर्ग हसला. मोठीला त्या रात्री भूक लागली नाही. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बसली. माइकवर तिने चिकटपट्टी लावली होती, त्याने आवाज थांबतो अशी तिची समजूत.

पहिलं वर्ष कसंबसं पार पडलं. खरी धाकधूक सुरू झाली ती दुसऱ्या वर्षी. मूल कसं वाढतं, कधी बोलतं, कधी बोट दाखवतं, कधी हाकेला वळून बघतं, हे त्या वर्षी शिकायचं होतं. वाचलेलं सगळं मोठीला आजूबाजूला दिसायला लागलं. नवऱ्याचंही कशात लक्ष टिकत नाही असं तिच्या मनाने घेतलं. "माझं लक्ष टिकतं," तो म्हणाला, "तू बोलत नसलीस की."

आणि मग तिला बबडी दिसायला लागली.

बबडी म्हणजे तिच्या जावेची मुलगी. जाऊ, म्हणजे घरातली धाकटी सून, वरच्या मजल्यावर राहायची आणि पोस्टात खिडकीवर काम करायची. तिचा नवरा बोटीवर नोकरीला, घरी असण्यापेक्षा नसायचाच जास्त. धाकटी कामावर गेली की बबडी दिवसभर खाली आजीपाशी असायची. तिसरं वर्ष लागलं तरी बोलत नव्हती. मध्यंतरी 'आई', 'दे' असं म्हणायची, तेही थांबलं होतं. "तिचा बापही उशिराच बोलला," सासूबाई म्हणायच्या, "आणि बोलायला लागला तो बोटीवर जाईपर्यंत थांबला नाही."

मोठी पाळणाघरातून दुपारी घरी यायची आणि दारात उभी राहून हाक मारायची, "बबडे!" पोर वळायची नाही. डब्याचं झाकण फरशीवर फिरवत बसायची. धुलाईयंत्र सुरू झालं की धावत जाऊन त्याला गाल लावून उभी राहायची, डोळे मिटून, यंत्र थांबेपर्यंत. मोठीच्या पुस्तकात असंच होतं. कधी वाटायचं, आपण उगाच बघतोय. मग ती परत हाक मारायची, जरा प्रेमाने, जरा रागाने. एखाद्या वेळी बबडी नेमकी वळायची आणि हसायची, मोठीच्या तोंडाकडे अगदी टक लावून बघायची. तेवढ्यावर मोठीचा एक दिवस बरा जायचा.

न राहवून तिने मॅडमना विचारलं. तासानंतर सगळे गेल्यावर त्या पडद्यावर थांबल्या होत्या.

"सांगा तिच्या आईला," मॅडम म्हणाल्या. "पण नीट ऐका. तुम्ही अजून शिकताय. कसलंही नाव घ्यायचं नाही. काय काय पाहिलंत तेवढंच सांगायचं, आणि डॉक्टरांकडे घेऊन जा म्हणायचं. सगळ्यात आधी कान तपासून घ्यायला सांगा. सांगाल ना?"

"हो," मोठी म्हणाली, आणि पुढचे कित्येक दिवस तिने सांगितलं नाही. जिन्यात धाकटी भेटली की मोठीला काहीतरी कारण सुचायचं. आज तिची कामावर दगदग झाली असेल, आज दिराचा फोन यायचा आहे, आज पोरीला सर्दी आहे. भांडी घासताना ती वाक्यं जुळवायची, जिन्याची पहिली पायरी चढेपर्यंत ती विसकटायची. आणि उशीर होतोय, पोरीचे दिवस चाललेत, ही टोचणी वेगळीच.

शेवटी एका रविवारी धाकटी गच्चीत कपडे वाळत घालत होती, तिथे मोठीने तिला गाठलं. बबडी बादलीतल्या पाण्यात हात बुडवून बसली होती.

"अगं, तुझ्याशी जरा बोलायचं होतं. बबडीबद्दल."

"काय केलं तिने?"

"केलं काही नाही. म्हणजे तेच... ती हाकेला वळत नाही गं. बोलायची तीही थांबली. एकटीच काहीतरी फिरवत बसते..."

धाकटीचा हात दोरीवरच थांबला. "म्हणजे?"

तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मोठीची सगळी वाक्यं उडून गेली. कान, डॉक्टर, सगळं. तोंडातून पुस्तकातला एकच शब्द बाहेर पडला, "स्वमग्न. मला वाटतं ती स्वमग्न आहे."

धाकटी ओला टॉवेल बादलीत आपटून म्हणाली, "माझी मुलगी म्हणजे काय तुमचा गृहपाठ आहे का, ताई?"

"तसं नाही गं..."

"रोज खाली पाठवते ती घरच्या माणसांपाशी म्हणून. आणि तुम्ही तिच्यावर अभ्यास करता? इतके दिवस माझ्या पोरीला असं बघत होतात?"

तिने बबडीला काखेत उचललं आणि खाली गेली. अर्धे कपडे तसेच राहिले. ते मोठीने वाळत घातले.

दुसऱ्या दिवसापासून बबडी खाली आली नाही. सासूबाईच वर जाऊन बसू लागल्या. त्या जाता येता मोठीशी बोलायच्या, पण हवापाण्याचं. जिन्यात धाकटी समोरून आली की मोबाईल कानाला लावायची. मोठीला घर खायला उठलं. त्यातून तिला कुणाशी काही बोलायचीच भीती बसली. पाळणाघरात एखादं मूल शिंकलं तरी त्याच्या आईला सांगू की नको, असं व्हायचं.

त्याच सुमाराला तिचं प्रात्यक्षिक होतं. विशेष मुलांच्या एका केंद्रात एका मुलासोबत बसून काम करायचं आणि परीक्षक लांबून कॉम्प्युटरवर बघणार. मोठीने ठोकळे आणले होते, चित्रं आणली होती. मुलगा दोन मिनिटं तिच्याबरोबर खेळला आणि खिडकीकडे बघू लागला. एवढंच झालं. पण तो खिडकीकडे का बघतोय, याचा अर्थ काय लावायचा, आणि तो चुकला तर, या विचारात ती अडकली. ठोकळा हातात धरून ती नुसती बसून राहिली. मुलगा उठून दुसऱ्या खोलीत गेला. ती नापास झाली.

"सोडते मी हे," तिने नवऱ्याला सांगितलं.

"एकदा लिफ्ट अडकली म्हणून मी जन्मभर जिने चढू का?"

"तुमच्या लिफ्टला आई नसते," मोठी म्हणाली. आणि लॅपटॉप तिने खरंच गुंडाळून कपाटात टाकला.

त्यानंतर काही दिवसांनी, सुट्टीच्या सकाळी, वरच्या मजल्यावर धडाम्‌कन आवाज झाला. कुत्री भुंकायला लागली, खालचा शेजारी बाहेर आला. सासूबाईंच्या हातून स्टीलच्या ताटांची अख्खी चळत फरशीवर पडली होती. मोठी पळत जिना चढली. सासूबाई धडधाकट होत्या, ताटं अजून फरशीवर गोल गोल घुमत होती. आणि त्यांच्यापासून चार हातांवर बबडी पाठमोरी बसली होती. झाकण फिरवत. दचकली नव्हती, वळलीही नव्हती.

धाकटी दारात उभी होती. तिने एक ताट उचललं, बबडीच्या मागे गेली आणि हातातून सोडून दिलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा ताट उचललं, तेव्हा मोठीने ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"ताई," ती म्हणाली. गच्चीनंतरचा हा पहिलाच शब्द. "हिला ऐकू येत नाहीये का?"

दवाखान्यात कान तपासायच्या खोलीत धाकटी बबडीला मांडीवर घेऊन बसली आणि मोठी बाहेर बाकावर. काचेतून तिला पोरीच्या कानांवरचे मोठे हेडफोन दिसत होते, आवाज ऐकू येत नव्हता. तपासणारी मुलगी बटणं दाबत होती, कागदावर खुणा करत होती आणि तिच्या तोंडावरून काहीच कळत नव्हतं. तेवढ्या वेळात मोठीला सगळं आठवून झालं. पोर तोंडाकडे टक लावून का बघायची. धुलाईयंत्राला गाल का लावायची, ती थरथर होती, तेवढंच तिला मिळत होतं. सगळं डोळ्यांसमोर होतं आणि आपण त्याला भलतंच नाव दिलं. आणि मॅडमनी कान आधी म्हणून बजावलं होतं, तेच नेमकं गिळलं.

दोन्ही कानांनी अगदी कमी ऐकू येत होतं. जन्माच्या वेळी कदाचित बरं असावं, मग कमी होत गेलं असावं, असं त्या मुलीने सांगितलं. यंत्रं बसवता येतील, बोलायला शिकवता येईल, पण लगेच सुरुवात करायला हवी.

दवाखान्याबाहेर आल्यावर मोठी म्हणाली, "माझं चुकलं गं. मी तुला आधी कान तपास म्हणायला हवं होतं. मला सांगितलं होतं तसं."

"हो, चुकलंच तुमचं," धाकटी म्हणाली. बबडी तिच्या खांद्यावर झोपली होती. थोडं चालून गेल्यावर ती पुन्हा बोलली, "त्या दिवसापासून माझं तिच्यावरून लक्ष हटलं नाही, ताई. तुम्ही खोटं बोलताय हे दाखवायला बघत होते. नाहीतर ताटं पडली असती आणि मी आईंनाच ओरडत बसले असते." मग म्हणाली, "पण तो शब्द मात्र मी विसरायची नाही."

"नको विसरूस," मोठी म्हणाली.

यंत्रं बसवली त्या दिवशी नळाच्या आवाजाने बबडी इतकी रडली की अख्ख्या घराने हात न धुता जेवायचं ठरवलं. मोठीने लॅपटॉप कपाटातून काढला. मॅडमना सगळं सांगितलं, गच्चीतल्या शब्दासकट. त्या रागावल्या, बऱ्यापैकी रागावल्या, आणि शेवटी म्हणाल्या, "प्रात्यक्षिकाला पुन्हा बसा." या वेळीही मूल मधेच उठून गेलं. पण मोठी त्याच्या मागून त्या खोलीत गेली, कॅमेरा कुठे राहिला याची पर्वा न करता. परीक्षकाला बराच वेळ रिकामी खुर्चीच दिसत होती. काठावर का होईना, ती पास झाली.

आता ती अशाच एका केंद्रात लहान मुलांना शिकवते. लोकांना वाटतं, पदवी मिळाली, धास्ती गेली असेल. मुळीच नाही. कुणा आईबापांशी बोलायचं असलं की सकाळपासून ती वाक्यं जुळवत बसते. परवाच एक बाप समोर बसून विचारत होता, "पण बाई, झालंय काय माझ्या मुलीला?" मोठी म्हणाली, "मला अजून माहीत नाही." मग त्याच्या मुलीला काय काय जमतं ते सांगत बसली. तो जाईपर्यंत तिचा चहा निवून गेला होता.

बबडी आता बोलते. शब्द जरा तिरके पडतात, पण हट्टाला पुरतात. धाकटी आणि मोठी पूर्वीसारख्या गप्पा मारत नाहीत, जपून बोलतात. पोरीला मात्र धाकटी रोज खाली पाठवते. कानातली यंत्रं काढून लपवायची बबडीला खोड लागली आहे. कधी पिठाच्या डब्यात सापडतात, कधी आजीच्या जुन्या चपलेत. मग जिन्यातून हाक येते, "ताई, डावं मशीन खाली आहे का बघा!" आणि मोठी हातातलं काम टाकून, हरवलंच असणार, धुलाईयंत्रातच गेलं असणार असं पुटपुटत, पलंगाखाली शिरते.