खुडूक कोंबडी उठेपर्यंत

वावर विकलं, त्याच्यासोबत घरही गेलं, तरी आई वलगाव सोडायला तयार होईना. कारण काय, तर कोंबडी खुडूक झाली होती.

संत्र्याची बाग वाळून सरपणाला गेली होती. विहिरीनं तळ दाखवला, बोअर मारला तर नुसता फुफाटा निघाला. बाबांच्या गुडघ्यांनीही जवाब दिला आणि त्यांनी सही करून टाकली. घेणारा अमरावतीचा, त्याला आमच्या जागेवर प्लॉट पाडायचे होते. "होळीपर्यंत राहा आरामात," म्हणाला. मी अकोल्यात, जठारपेठेतल्या एका विजेच्या सामानाच्या दुकानात नोकरीला होतो. आईबाबांसाठी दोन खोल्या भाड्याने घेऊन ठेवल्या होत्या. घरमालकाची अट एकच, कोंबड्या-बकऱ्या चालणार नाहीत. तेव्हा कोंबडी शेजारच्या खालाकडे सोडायची, हे आधीच ठरलं होतं. संक्रांतीनंतर त्यांना न्यायला गेलो तर आई म्हणाली, "अंड्यावर बसली हाये. अशी कशी सोडू? पिल्लं निघू दे, मंग जाऊ."

म्हटलं ठीक आहे, तीन आठवड्यांचा तर प्रश्न.

चुलीजवळच्या कोपऱ्यात टोपलं, त्यात गव्हाचं कुटार, पिसवा होऊ नयेत म्हणून तळाला राख, आणि वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून बाजूला मोडक्या विळ्याचं पातं. त्या दिवसांत कुठली आली वीज! पण आईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. रोज दुपारी ती कोंबडीला दोन्ही हातांनी उचलून अंगणात सोडायची, पुढ्यात भिजवलेली ज्वारी ठेवायची. कोंबडी चार दाणे टिपायची, ढीगभर घाण करायची आणि धावत परत टोपल्यात. तेवढा वेळ आई अंड्यांवर तळहात धरून बसलेली. "माह्या तापात तू बसली होती का कधी अशी?" मी चिडवलं. "तू कुठी एका जागी राहात होता?" ती म्हणाली.

तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो. कोंबडी टोपल्यातच. "अंडे गार पडले होते, नवे ठेवले," आईनं सांगितलं. मी म्हटलं, टोपल्यासकट गाडीत घालू. "गाडीच्या हादऱ्यानं नासतात. अन् तुह्या घरमालकाले चालते का?" घेणाऱ्याचे फोन मला येत होते, सुट्ट्यांसाठी दुकानात तोंड वेंगाडावं मी, आणि इकडे सगळं एका कोंबडीवर अडून बसलेलं. माझा जीव नुसता उबगला होता.

होळी तोंडावर आली तशी गाडी ठरवूनच गेलो. कोंबडी बसलेलीच. आईशी भांडण नको म्हणून खालाकडे गेलो, तिच्यापुढे तरी बोलून मोकळं व्हावं. तिच्या अंगणात ही पिल्लंच पिल्लं.

"खाला, तुमची कोंबडी बरी, टायमावर उठते."

खाला हसली नाही. "बेटा, हे तुह्या मायच्याच कोंबडीचे पिल्लं हायेत. अंडे पिकून फुटायले आले का तुही माय ते इथं आणून माह्या कोंबडीखाली ठेवते, अन् माह्याकडचे ताजे तिच्याखाली नेऊन ठेवते. मी मना केली. पन कायले करून राहिली हे मले समजते, मंग जास्त बोलवत नाई." मग हळूच म्हणाली, "पन ते कोंबडी मरन आता."

डोकं असं फिरलं की सांगता सोय नाही. ओट्यावर बाबा बसले होते. "बाबा, तुमाले माहीत होतं?"

"घरात माणसं किती? दोन. माहीत नाई कसं राहीन?" ते रस्त्याकडे पाहात म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही.

आत गेलो तर आई कोंबडीला अंगणात न्यायला उचलत होती. मीही मागे गेलो. कोंबडीचा तुरा पार पांढरा पडला होता. आईनं खाली ठेवल्यावर तिचे पाय टिकले नाहीत, ती एका अंगावर कलंडली. ज्वारीला चोच लावली नाही. तशाही अवस्थेत मान टोपल्याच्या दिशेला. माझा राग कुठच्या कुठे गेला.

"माय," मी म्हटलं, "तुले माहीत हाये तू तिले कायले बसवून राहिली. तिले थोडीच माहीत हाये? तिले वाटते, पिल्लं निघतीन."

आई कोंबडीला मांडीवर घेऊन बोटानं तिच्या चोचीत पाणी सोडत राहिली.

खुडूक मोडायची आमच्याकडे एक रीत आहे. कोंबडीचंच एक पीस उपटायचं आणि तिच्या नाकपुड्यांतून आडवं घालायचं. ते काढायच्या नादात ती बसायचं विसरते. आईला हे कधी पटलं नाही. असं करणाऱ्या बायांशी ती भांडायची. त्या दिवशी तिनं स्वतः पंखातलं पीस ओढलं, "माफ कर वो बाई," म्हणाली आणि घातलं.

मग अंडी पदरात घेऊन खालाकडे देऊन आली. कुटार चुलीत टाकलं, टोपलं पालथं घातलं. कोंबडी मान झटकत, पडत-उठत पुन्हा पुन्हा त्या कोपऱ्यात जायची आणि तिथं काही नाही हे पाहून उभी राहायची. मला पाहवेना. इतके दिवस ज्यासाठी खेटे घातले ते झालं होतं आणि मला रडू येत होतं.

"गाडी सकाळी बोलाव," आई म्हणाली.

जठारपेठेत आल्यावर काही दिवसांनी खालाचा फोन आला. कोंबडी वाचली होती, पीस पडलं, तुरा लाल झाला, दाणे टिपायला लागली. घराचं काय झालं ते आईनं विचारलं नाही, खालानेही सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "पाह्य, बरी झाली तुही कोंबडी."

"तिले काय," आई म्हणाली, "ती तं गावातच हाये."