एकोणीसचं नाव

आमचं पोस्टिंग काश्मीरकडं होतं. आमचे हे लान्स नायक. त्यांची कंपनी आलटूनपालटून वर बर्फातल्या चौकीवर जायची, आणि आम्ही बायका खाली छावणीत, क्वार्टरमध्ये. माझं शिक्षण तिसरी. आता जर्मनीत ड्रेस्डेनला मुलाकडं, शरदकडं असते. मी बोलते, शरद लिहून घेतो.

कंपनीत जाधव पुष्कळ. एक हाक मारली की चौघं उठायचे. म्हणून आर्मी नंबरातले शेवटचे दोन आकडे घेऊन हाक मारायची. कुणी बासष्ट, कुणी चोवीस. त्यातलाच एक हा एकोणीस. बिनलग्नाचा, अंगानं काटकुळा. खाली असला की जेवायला आमच्याकडं. माझी आमटी बघून म्हणायचा, "वहिनी, ही आमटी का आंघोळीचं पाणी?" मग सुट्टीवरून येताना गावचे हुलगे घेऊन आला आणि स्वतः माडगं करून दाखवलं. तेव्हापासून मी तसंच करते.

त्या हिवाळ्यात माझे दिवस भरले होते. पहाटे पोटात कळा सुरू झाल्या. त्याच सकाळी ह्यांची पार्टी वर निघायची होती. एकोणीस दारात आला, ह्यांना म्हणाला,

"उस्ताद, तुम्ही थांबा. मी जातो. साहेबांना विचारलंय."

हे नको म्हणत होते. मी आतून ऐकलं. बरं झालं, एवढंच माझ्या मनात आलं.

दुपारी शरद झाला. संध्याकाळी वर हिमकडा कोसळला. हे खाली वायरलेस सेटपाशी बसून होते.

"एकोणीस मिळाला का? ओव्हर."

"नाही मिळाला. ओव्हर."

रात्रभर तेवढंच चाललं होतं, असं ह्यांनी मला एकदाच सांगितलं. नंतर त्यांनी विषय काढला नाही. मीही काढला नाही. नंतर बर्फातून काढलेली बॉडी गावाकडं गेली तेव्हा मी बाळ घेऊन दवाखान्यात होते. कोणतं गाव, घरी कोण, काही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी. पुढं हे पण गेले.

आमची सून हायके जर्मन आहे. इथं नोव्हेंबरात टोटेनझोनटाग असतो, मेलेल्यांचा रविवार. गेल्या वर्षी ती मला तिच्या गावी घेऊन गेली. तिचा आजा लढाईत रशियात पडला. थडगं कुठंय माहीत नाही. चर्चच्या भिंतीवर नाव आहे, तिथं ती मेणबत्ती लावते. एक माझ्या हातात दिली.

"आई, ही तुमची. कोणाला?"

"एकोणीसला."

"हो, पण नाव?"

माझ्या हातचं जेवला, माझं कुंकू राखून गेला, आणि माझ्याकडं नुसता आकडा. मेणबत्ती पिशवीत घालून घरी आणली.

मग शरद मागं लागला. रेजिमेंटच्या ऑफिसात म्हणाले, पूर्ण नंबर नाहीतर पूर्ण नाव द्या. दोन्ही नव्हतं. शरद म्हणाला, "आई, अजून काय आठवतं?" मी म्हटलं, माडगं, आणि शपथ घेताना सिद्धोबाचं नाव घ्यायचा. शरदनं ते माजी सैनिकांच्या ग्रुपवर टाकलं. माणदेशातल्या एका रिटायर हवालदारानं वाचलं. तो म्हणाला, हा आमच्याच भागातला दिसतोय. चार गावं फिरला. एका शाळेसमोर जाधव नावाच्या जवानाच्या स्मारकाचा दगड होता. त्यावर कोरलेल्या नंबराच्या शेवटी एकोणीस.

त्याची बहीण जिवंत होती, सखूबाई. हवालदारानं आपल्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावून तिला दाखवलं. मी सगळं सांगितलं. पाळी आमच्या ह्यांची होती, हेही. तिच्या मागं शेळी ओरडत होती.

"आमाला ड्युटी हुती म्हनून सांगितलं हुतं," ती म्हणाली.

"ड्युटी आमची होती."

"मग त्या दिशी पोरगंच झालं का?"

"हो."

"केवढा हाय आता?"

"एकेचाळीस."

"दावा बगू."

शरद पुढं आला, हात जोडले. तिनं फोन डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ बघितलं.

"क्यास पिकाय लागलं की रं तुजं," ती म्हणाली. मग मला म्हणाली, "बाई, एक सांगा. जाताना काय खाऊन गेला त्यो?"

चाळीस वर्षांत हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. खोटं बोलता आलं असतं.

"काही नाही. त्या सकाळी माझा स्टोव्हच पेटला नव्हता."

"बरं," ती म्हणाली. फोन हवालदाराकडं दिला.

यंदा त्या मेलेल्यांच्या रविवारी चर्चच्या भिंतीपाशी हायकेच्या आज्याच्या मेणबत्तीशेजारी माझी लावली. हायकेनं विचारायच्या आधी मी नाव सांगितलं. शिपाई सिद्धू जाधव. डब्यातून माडगं नेलं होतं, ते खाली ठेवलं. थंडीनं लगेच गार झालं. पातळच झालं होतं. त्यानं नावं ठेवली असती.