फायबरातले जावयबापू

माझ्या सासऱ्यांना मी आयुष्यात एकदाच बुडवायला निघालो होतो, आणि तेव्हाही माझा हेतू अतिशय चांगला होता.

सगळ्याचं मूळ एका वाक्यात आहे. सुनंदाला बघायला गेलो तेव्हा तिच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, विचारलं होतं, "कामाक खंय असतास?" मी रुबाबात म्हटलं, "फायबरग्लासमध्ये." खोटं नव्हतं. अंधेरीत टाक्या, टब, खुर्च्या बनवणाऱ्या एका कारखान्यात मी होतो. फक्त कारखान्याच्या स्टोअरमध्ये होतो. चिठ्ठी बघायची आणि रेझिनचा डबा द्यायचा, एवढंच माझं काम. त्या डब्याचं पुढे काय होतं ते मी खिडकीतून बघायचो. तेही नाक धरून!

अण्णा मालवणकडचे. बंदरातल्या लाँचवर सारंग, म्हणजे कप्तान होते. त्यांचं घर सांताक्रूझला. डोक्यावरून विमान जायचं तेव्हा अण्णांचं बोलणं ऐकू यायचं, विमानाचं नाही. अशा माणसाला मी आयुष्यभर घाबरून राहायचं ठरवलं होतं आणि ते नीट चाललंही होतं. पण अण्णा रिटायर झाले आणि त्यांनी कुठल्याशा क्लबाने टाकून दिलेली एक जुनी फायबरची होडी मिळवली. टेम्पोत घालून ती थेट आमच्या बिल्डिंगच्या आवारात आणून उपडी टाकली.

"अण्णा, इथे?" मी विचारलं.

"मगे खंय? तुमी फायबरातले. घरात सोनार असताना भायर कित्याक जावचा?" अण्णांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "महिन्यान येतंय. माका होडी नवी कोरी व्हयी!"

होडी बारा फूट लांब होती. पांढरा रंग पिवळा पडलेला, हात फिरवला की खडूसारखी भुकटी हाताला. सगळ्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा, आणि पुढच्या टोकाशी वीतभर लांब एक खरी भेग. तिच्यातून आरपार उजेड दिसत होता.

"तुम्हाला येतं ना हो हे?" सुनंदाने विचारलं.

"म्हणजे काय!" मी म्हटलं. (पुरुष जेव्हा 'म्हणजे काय' म्हणतो तेव्हा त्याला येत नसतं, हे तिला लग्नाच्या तिसऱ्या वर्षी कळलं. हे दुसरं होतं.)

कारखान्यातल्या शिंदे मिस्त्रींना विचारलं असतं तर पाच मिनिटांत काम समजलं असतं. पण मग मी नुसता डबे देणारा आहे हे फुटलं असतं! म्हणून मी त्यांच्या मागे उभा राहून, दुसऱ्या पोराला ते काय सांगतात ते चोरून ऐकलं. "आधी घासायचं. मग काचेची चटई लावायची, वर रेझिन. रेझिनमध्ये हार्डनर घातला की ते दगडासारखं होतं. पण हार्डनर बेतानं रे! जास्त झाला तर डबाच तापून धुमसतो. आणि डोळ्यात थेंब गेला, तर आंधळ्याची काठी घ्यायची हातात."

त्या रात्री मी झोपलो नाही.

पहिल्या रविवारी घासायला घेतलं. पॉलिश पेपरने तीन तास घासलं. होडीतून पांढरा धूर निघावा तशी धूळ उडत होती. ती धूळ नव्हती, बारीक काच होती, हे मला अंगाला खाज सुटल्यावर कळलं. आणि बिल्डिंगला संध्याकाळी! कारण वरच्या तिन्ही मजल्यांचे कपडे दोरीवर वाळत होते.

तळमजल्यावरचे गायकवाड सर शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. सोमवारी ते घरी आले ते खांदा भिंतीला घासतच. "परब यार, वाट लागली माझी. फळ्याला पाठ घासत शिकवलं आज. पोरं हसतायत! बिल्डिंगमध्ये ढेकूण झालेत वाटतं."

"असतील," मी पोट खाजवत म्हटलं.

लगेच सगळ्यांनी ढेकणांसाठी गाद्या उन्हात टाकल्या. कुठे? आवारात, होडीला टेकवून! मंगळवारपासून अख्खी बिल्डिंग माकडासारखी खाजवत होती, आणि कुणाला खरं कारण कळेल या भीतीने मी सगळ्यांत जास्त मोठ्याने ढेकणांना शिव्या देत होतो.

दुसऱ्या रविवारी हार्डनरशी गाठ पडली. मी अंगात रेनकोट घातला, हातात सुनंदाचे भांडी घासायचे मोजे, डोक्यावर गायकवाड सरांचं स्कूटरचं हेल्मेट. काच खाली! पत्र्याच्या मगात रेझिन घेतलं आणि लांबून, मान वळवून, हार्डनर ओतला. मान वळवल्यामुळे किती पडला ते दिसलं नाही.

आधी मग कोमट झाला. मग गरम झाला. मग त्यातून पांढरा धूर यायला लागला.

"परब, तुझा चहा उकळतोय बघ!" गायकवाड सर खिडकीतून ओरडले.

"पळा!" मी ओरडलो आणि हातातला मग टाकून स्वतःच आधी पळालो. हेल्मेटची काच धुरकटलेली, त्यामुळे दिसत काहीच नव्हतं. पाण्याच्या टाकीवर जाऊन आपटलो. मगातून धूर येत राहिला आणि थोड्या वेळाने आतलं रेझिन 'कड्कड्' करून तडकलं. तोवर दोन मजले रिकामे झाले होते. सुनंदा टीव्ही बंद करून खाली आली होती. (आमचा नवा रंगीत टीव्ही. तो बंद करून ती खाली आली यावरून प्रसंगाचं गांभीर्य कळावं.)

त्यानंतर हार्डनर ओतायची माझी छातीच झाली नाही. पुढच्या वेळी मी डोळ्यांत घालायच्या औषधाच्या ड्रॉपरने हार्डनर घातला. थेंब, थेंब, थेंब. बास! भेगेवर चटई लावली, होडी सुलटी केली, आत बसायच्या पुढच्या पाट्यालाही चिरा होत्या म्हणून तिथेही लावली, वर रेझिन चोपडलं आणि वाळायची वाट बघत बसलो.

एक दिवस झाला. चार झाले. आठवडा झाला. बोट लावलं की काकवीसारखी तार यायची. आणि अण्णांची चिठ्ठी आली, "रविवारी येतंय. खारदांड्याक होडी पाण्यात घालूची. सगळ्यांका घेवन येवा."

आता खरी पंचाईत. शिंदे मिस्त्रींना सांगावं तर अब्रू जाते, अण्णांना सांगावं तर जीव जातो. शनिवारी दुपारी मी सुनंदाची चंदनाची टाल्कम पावडर घेतली आणि सगळ्या चिकट जागांवर भुरभुरली. वर निळ्या ऑइलपेंटचे दोन हात मारले. दुरून होडी झकास दिसत होती! गायकवाड सरांनी तर शेपटीकडे पांढरी रेघही ओढून दिली. "वा! काय फिनिश आहे," ते म्हणाले. "आणि वास किती छान येतोय!"

रविवारी खारदांड्याच्या किनाऱ्यावर सगळे जमले. सासूबाईंनी होडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. अण्णांनी होडीवरून हात फिरवला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले.

"शाबास! पयल्या फेरीक मी आणि जावयबापू. बसा फुडे."

"अण्णा, मला पोहता येत नाही."

"होडी कित्याक असता मगे?"

बोलायची ती शेवटची संधी होती. सगळे टाळ्या वाजवत होते. मी पुढच्या पाट्यावर जाऊन बसलो.

वर डोक्यावर ऊन, खाली माझं वजन. खालून मऊ मऊ लागायला लागलं तेव्हा किनारा बराच मागे गेला होता. मी देवाचं नाव घेत होतो तोच पायांना गार लागलं. खाली बघितलं तर निळ्या रंगाचा पापुद्रा भेगेवरून सोलून पाण्यावर तरंगत होता, आणि भेगेतून समुद्र आत येत होता!

"अण्णा... पाणी."

अण्णांनी एका नजरेत बघितलं. "घाबरू नकात. भेग फुडे आसा. तुमी मागे येवा, म्हणजे तोंड उचलतला. उठा!"

मी उठायला गेलो. नाही उठलो.

"उठा म्हणतंय मां!"

"अण्णा, मी चिकटलोय."

"खंय?"

"पाट्याला."

"खंयसून?"

"मागून!" मी जवळजवळ रडलो. आणि मग बांध फुटावा तसं सगळं बाहेर पडलं. "मी कारागीर नाही हो अण्णा! मी स्टोअरमध्ये डबे देतो! रेझिन वाळलंच नाही, मी वर पावडर टाकली!"

पाणी घोट्याच्या वर आलं होतं. अण्णांनी हातातलं वल्हं थांबवलं.

"कसली पावडर?"

"चंदनाची."

"पँट सोडा."

"अण्णा, किनाऱ्यावर बायका आहेत!"

"हंय यम दारात इलोहा, नि तुमका बायका दिसतत! सोडा!"

मी पट्टा सोडला, पाय आखडले आणि सालातून केळं निघावं तसा पँटीतून निघून चार पायांवर मागे आलो. त्याबरोबर होडीचं तोंड वर उचललं, भेग पाण्याबाहेर आली. अण्णा वल्ही मारत होते, आणि मी त्यांच्या गुडघ्याला घट्ट मिठी मारून बसलो होतो. दोन वर्षं ज्या माणसाला घाबरलो, त्याचाच गुडघा! "सोडा, वल्हवूक होयना," ते म्हणत होते. मी सोडला नाही.

किनाऱ्याला लागलो तेव्हा मी पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत होतो आणि समोर सासूबाई ओवाळायला उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटून ओवाळलं. सुनंदाने टॉवेल माझ्याकडे फेकला. गायकवाड सर तेवढे म्हणाले, "परब, ढेकूण नव्हतेच ना?"

अण्णा तिथून तडक घरी गेले, आणि हीच खरी भीती होती. आठवडाभर मी दाराची कडी वाजली की मोरीत लपायचो. शेवटी ते आले ते थेट आमच्या कारखान्याच्या दारात. शिंदे मिस्त्रींना त्यांनी सगळं सांगितलं. सगळं! मिस्त्री हसून हसून रेझिनच्या ड्रमवर बसले. मग रविवारी येऊन त्यांनी माझं चिकट काम खरवडून टाकलं आणि होडी खरोखर नवी केली. फक्त पाट्यावरची पँट काही निघेना. ओढली की नुसती फाटत होती.

"ऱ्हाऊ द्या," मिस्त्री म्हणाले. "टेरिलिन आहे. वरून रेझिन मारतो. कापड आत गेलं तर मजबूतच होतं."

अण्णांनी ती होडी पुढे कितीतरी वर्षं वापरली. तिचा तळ दोनदा दुरुस्त झाला, कडा तीनदा. पुढच्या पाट्याला मात्र कधी चीर गेली नाही, आणि अण्णा तो पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचे, "ह्यो आमच्या जावयबापूंचो. फायबरात तेंचा एवढाच काम टिकला, पण त्येका खिसोसुद्धा आसा!"